अंगावर येणारी इमारत: ‘थंडर ब्लेड’ आणि त्याचे घरगुती अवतार

दादरच्या फलाटावर उभं राहून फास्ट लोकल येताना पाहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. लांबवर दिसणारा दिवा कितीतरी वेळ जागच्या जागीच असल्यासारखा वाटतो. मग तो थोडा मोठा होतो, अजून थोडा, आणि एकदम सगळी गाडी धडधडत अंगावर येते. गाडीचा वेग तितकाच असतो, तरी डोळ्यांना ती शेवटच्या दोन सेकंदांत झेपावल्यासारखी भासते. या भासावर १९८०च्या दशकात सेगा या जपानी कंपनीने खेळांची एक अख्खी पिढी उभी केली. त्यातला एक म्हणजे १९८७ सालचा ‘थंडर ब्लेड’.

खेळाची गोष्ट सांगण्यासारखी काही नाही. तुम्ही एका लढाऊ हेलिकॉप्टरचे वैमानिक, समोर शत्रू, आणि हाताशी मशीनगन व क्षेपणास्त्रं. नावावरून ‘ब्लू थंडर’ हा १९८३चा हॉलिवूडपट आठवला तर नवल नाही. सांगण्यासारखं आहे ते यंत्र. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या दुकानांत, याची दोन रूपं होती: एक उभ्याने खेळायचं आणि दुसरं बसून. बसायच्या यंत्रात दांडा वळवला की त्याबरोबर आसनही कलायचं. डाव्या-उजव्या हालचालीसाठी दांडा आणि वेग कमीजास्त करायला वेगळा खटका, त्यामुळे इमारतींच्या दाटीत शिरताना वेग आवरता यायचा. हेलिकॉप्टर विमानापेक्षा वेगळं असतं ते याच गोष्टीत.

पडद्यावर दोन प्रकारची दृश्यं आलटून पालटून येत. एकात आपण थेट वरून खाली पाहतो: शहरातले रस्ते, गच्च्या, रणगाडे. दुसऱ्यात आपण हेलिकॉप्टरच्या मागे असतो आणि जग समोरून येतं. वरच्या दृश्यातली एक युक्ती मला आजही फार आवडते. उंच इमारत दाखवायला एकच चित्र न वापरता चित्रांची चळत रचली होती. सगळ्यात खालचा थर लहान, त्यावरचा किंचित मोठा, गच्ची सगळ्यात मोठी. हेलिकॉप्टर पुढे सरकलं की वरचे थर खालच्यांपेक्षा जास्त सरकतात आणि चपटी चित्रं एकदम मनोऱ्यासारखी उभी राहतात. त्रिमितीय भूमिती अशी तिथे काहीच नाही, फक्त वेगवेगळ्या आकारांना ताणलेली सपाट चित्रं आहेत. हलणाऱ्या अशा सपाट चित्राला या धंद्यात स्प्राईट म्हणतात.

आता ‘ताणलेली’ या शब्दाकडे वळू, कारण सगळी मेख तिथे आहे.

समजा, आपण सेकंदाला ५० मीटर वेगाने एका खांबाकडे चाललो आहोत आणि खांब २०० मीटरवर असताना पडद्यावर १० पिक्सेल रुंद दिसतो. अंतर निम्मं झालं की रुंदी दुप्पट होते. १०० मीटरवर २० पिक्सेल, ५० मीटरवर ४०, २५ मीटरवर ८०. आता वेळ मोजा. आदळायला एकूण ४ सेकंद आहेत. पहिली दोन सेकंदं गेली तरी खांब जेमतेम १० पिक्सेलने वाढलेला असतो. पुढच्या एका सेकंदात २० पिक्सेल, त्यापुढच्या अर्ध्या सेकंदात ४०. उरलेल्या अर्ध्या सेकंदात तो सगळा पडदा व्यापतो. दादरच्या लोकलचं गणित हेच.

डोळ्यांना आणि मेंदूला या वाढीतून एक भलतीच उपयोगी माहिती मिळते. डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये दाखवून दिलं की वस्तू किती दूर आहे किंवा किती वेगाने येते आहे हे माहीत नसतानाही ती आपल्यापर्यंत कधी पोचेल हे सांगता येतं. वस्तूच्या प्रतिमेचा आकार घ्यायचा आणि तो आकार ज्या दराने वाढतो आहे त्याने भागायचं. आपला खांब १०० मीटरवर असताना २० पिक्सेलचा आहे आणि त्या क्षणी सेकंदाला १० पिक्सेलने वाढतो आहे. वीस भागिले दहा, म्हणजे दोन सेकंद. १०० मीटर, ५० मीटर प्रति सेकंद, हे आकडे कुठेच लागले नाहीत. या भागाकाराला त्याने ‘टाऊ’ हे ग्रीक अक्षर दिलं. फलंदाज किंवा झेल घेणारा क्षेत्ररक्षक फक्त यावरच विसंबतो असं नाही, यावर पुढे बरेच वादही झाले. पण अंगावर येणाऱ्या वस्तूपासून वेळेत बाजूला होण्यासाठी वाढीचा हा दर फार मोलाचा संकेत आहे, आणि ‘थंडर ब्लेड’सारख्या खेळात तर दुसरा आधारच नाही. पडद्यावर खरी खोली नसते. असतो तो फक्त वाढता आकार.

म्हणजे आकार सलग वाढायला हवा. आर्केड यंत्रात ते काम मुख्य प्रोसेसर करतच नव्हता. त्यासाठी वेगळं सर्किट होतं. ते मूळ चित्र मेमरीतून वाचताना हव्या त्या मापाची पावलं टाकायचं. लहान करायचं तर मधले पिक्सेल गाळायचं, मोठं करायचं तर तोच पिक्सेल पुन्हा पुन्हा वापरायचं. चित्र एकच, पण प्रत्येक फ्रेमला हव्या त्या आकारात. प्रोसेसरने फक्त ‘हे चित्र, इथे, इतक्या मापाचं’ असं सांगायचं.

१९८८च्या २९ ऑक्टोबरला सेगाचा मेगा ड्राईव्ह हा घरगुती कन्सोल जपानमध्ये विक्रीला आला, किंमत २१,००० येन. त्याच दिवशी दुकानात होता ‘सुपर थंडर ब्लेड’. जाहिरातीला साजेसं कारणही होतं: आर्केड यंत्रात मोटोरोलाचे दोन ६८००० प्रोसेसर होते आणि मेगा ड्राईव्हमध्येही ६८०००च, जरी एकच आणि कमी वेगाचा. मेंदू तोच, म्हणजे खेळही तोच, असं खरेदीदाराला वाटलं तर त्याची चूक नाही. पण चित्र ताणणारं सर्किट मेगा ड्राईव्हमध्ये नव्हतं.

मग प्रोसेसरकडूनच ते काम का करून घेतलं नाही? कागदावर हिशेब करू. पडदा ३२० गुणिले २२४, म्हणजे ७१,६८० पिक्सेल. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे ४३ लाख पिक्सेल. प्रोसेसरचा वेग साधारण ७.६७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७७ लाखांच्या आसपास ठोके. एका पिक्सेलच्या वाट्याला दोन ठोकेसुद्धा येत नाहीत, आणि ६८०००ची सगळ्यात छोटी आज्ञासुद्धा चार ठोके खाते. पडद्याचा फक्त चौथा भाग ताणायचा म्हटलं तरी प्रत्येक पिक्सेलला सात ठोके, म्हणजे धड दोन आज्ञाही नाहीत. शिवाय शत्रू हलवायचे, गोळ्या मोजायच्या, टक्कर तपासायची, हे सगळं त्यातूनच.

उरला एकच मार्ग. प्रत्येक वस्तूची लहान-मोठी चित्रं आधीच काढून ठेवायची आणि वस्तू जवळ येईल तशी एकामागून एक बदलायची. पण मेगा ड्राईव्हमध्ये एका पिक्सेलला ४ बिट लागतात, म्हणजे १२८ गुणिले १२८चं एक चित्र ८ किलोबाइट खातं. पडद्यावरचं सगळं काही ज्या चित्र-मेमरीतून यायचं ती एकूण ६४ किलोबाइट. पार्श्वभूमी, आपलं हेलिकॉप्टर, शत्रू, स्फोट यांची वाटणी झाल्यावर एका इमारतीसाठी तीस-चाळीस आकार ठेवायला जागा कुठून आणणार?

आता पुन्हा आपल्या खांबाकडे या. ४०वरून ८० पिक्सेलवर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात ६०च्या गतीने ३० फ्रेम होतात, म्हणजे सलग वाढीसाठी ३० वेगवेगळे आकार. तयार चित्रं जर ४०, ५६ आणि ८० अशी तीनच असतील तर खांब काही काळ गोठून उभा राहतो, मग टुणकन उडी मारतो, पुन्हा गोठतो. गोठलेल्या वेळात वाढीचा दर शून्य, म्हणजे मेंदूच्या भागाकाराचं उत्तर अनंत: ही वस्तू कधीच येणार नाही. उडीच्या क्षणी उत्तर एकदम इतकं लहान की हात हलवायला वेळच नाही. आणि हा घोटाळा सगळ्यात जास्त जाणवतो तो अगदी जवळ आल्यावर, म्हणजे संकेताची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच.

‘सुपर थंडर ब्लेड’ खेळलेल्या माणसाची ठरलेली तक्रार असते की खांब कधी आला ते कळलंच नाही. त्याला लोक खेळाचा अवघडपणा म्हणतात. मला तो अवघडपणा वाटत नाही. आर्केडमध्ये चुकलात तर चूक तुमची असते. इथे डोळ्यांना माहितीच दिलेली नाही, मग चूक कुणाची?

त्यात या आवृत्तीने वरून पाहायचं दृश्य फक्त टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपुरतं ठेवलं आणि बाकी सगळा वेळ मागून पाहायचं दृश्य. म्हणजे जे यंत्राला सगळ्यात कमी जमत होतं त्यावरच सारी भिस्त. विक्रीच्या दृष्टीने समजू शकतं. नवा कन्सोल खपवायचा तर दुकानाच्या काचेतून जग धावत आलेलं दिसायला हवं. उभ्या-उभ्या पाच मिनिटं पाहणाऱ्यावर छाप पडते. खेळणाऱ्याचं काय होतं ते घरी गेल्यावर.

मास्टर सिस्टिम या आधीच्या ८-बिट कन्सोलवरही ‘थंडर ब्लेड’ आला. तिथे एका आडव्या ओळीत आठच स्प्राईट मावतात, प्रत्येक आठ पिक्सेल रुंद. २५६ पिक्सेलच्या ओळीत हलती चित्रं फार तर ६४ पिक्सेलची. अंगावर येणारी इमारत स्प्राईटने काढणं तिथे अशक्यच. वरून पाहायचं दृश्य मात्र अशा यंत्राला मानवतं, कारण त्यात आकार वाढवायची सक्ती नसते, नुसता नकाशा सरकवला की झालं. चळत रचलेल्या इमारती सपाट होतात, पण खेळ राहतो. मला तरी हा तोटा ‘सुपर’च्या तोट्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

ब्रिटनमधल्या वाचकांना आणखी एक आवृत्ती भेटली असेल. बर्मिंगहॅमच्या यू.एस. गोल्डने १९८८मध्ये घरगुती संगणकांसाठी हा खेळ काढला, काम केलं मँचेस्टरच्या टिअरटेक्सने. झेडएक्स स्पेक्ट्रमवर तर स्प्राईटसाठीही सर्किट नाही, आणि आठ गुणिले आठच्या चौकोनात फक्त दोन रंग. त्यावर हा खेळ उतरवायला घेणं हेच धाडस म्हणायचं. युरोपातल्या मेगा ड्राईव्हची तऱ्हा आणखी वेगळी: इथला टीव्ही सेकंदाला ५० फ्रेमचा, त्यामुळे बरेच खेळ इथे साधारण १७ टक्के संथ चालत.

खेळाला न्याय मिळाला तो पाव शतकानंतर. एम-टू या जपानी चमूने निन्टेन्डोच्या ३डीएस या हातातल्या कन्सोलसाठी ‘थ्रीडी थंडर ब्लेड’ तयार केला. जपानमध्ये २०१४ साली आणि बाहेर २०१५ मध्ये तो आला. ३डीएसचा पडदा चष्म्याशिवाय दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवतो. प्रत्येक स्प्राईट किती मोठा करायचा हे ठरवण्यासाठी तो किती दूर आहे हे मूळ खेळाला मोजावंच लागत होतं, पण दाखवायला पडदा सपाट होता. तोच खोलीचा आकडा आता दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक ठरवू शकत होता. इमारतींची ती चळत खरोखर वर उठून आली. कलणारं आसन मात्र खिशात मावणार नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने ३डीएसचं ऑनलाईन दुकान बंद केलं, त्यामुळे ज्यांनी तेव्हा घेतला नाही त्यांना ही आवृत्ती आता तिथून विकत मिळत नाही. सेगाच्या जुन्या खेळांचा एखादा संग्रह उघडून पाहिलात तर त्यात सापडेल तो बहुधा ‘सुपर थंडर ब्लेड’च, गोठून उभ्या राहणाऱ्या खांबांसकट.