इंजिन खोलण्याआधी काय मोजाल?

पीएचडीला नाव घालायचं ठरवलंय, विषयही डोक्यात आहे, पण "मेथडॉलॉजी म्हणजे नेमकं काय लिहायचं?" इथे गाडी अडते. बऱ्याच जणांचं असंच होतं. पुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण ती हातात उतरत नाही. म्हणून आज प्रयोगशाळा बाजूला ठेवू आणि गॅरेजमध्ये जाऊ.

कोल्हापुरात असाल तर शिवाजी उद्यमनगरात एक फेरी मारा. लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. 1918 च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीनं सिनेमाचा कॅमेरा याच शहरात घडवला. यंत्र खोलून बघायची खोड इथे जुनीच. त्यामुळे जुनी जीप किंवा टाटा 407 घेऊन तिचं इंजिन स्वतः बांधणारे हौशी लोकही इथे भेटतात. मशिनचं काम ते बाहेरून करून घेतात; खोलणं, मोजणं आणि जुळवणं स्वतः करतात.

आता समजा, तुमच्याकडे अशीच एक 407 आहे आणि ती ऑइल खातेय. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय. लगेच कुणीतरी सांगतं, "रिंगा गेल्या, इंजिन खोला."

थांबा. "रिंगा गेल्या" हे निरीक्षण नाही, तो अंदाज आहे. निरीक्षण एवढंच की ऑइल कमी होतंय आणि धूर निळा आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते सिलिंडरमध्ये खालून, रिंगांच्या बाजूनं येत असेल किंवा वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून. यातलं कोणतं खरं, ते कसं ठरवाल?

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला धूर येतो आणि मग थांबतो का? तर संशय सीलवर. चढाला, लोडवर सतत येतो आणि ब्रीदरमधूनही जोरात वाफारा येतोय का? तर संशय रिंगा-बोअरवर. त्यात कॉम्प्रेशनचं रीडिंग जोडा, प्रत्येक सिलिंडरचं वेगळं.

आजच्या लेखाचा मुद्दा इथेच आहे. ही सगळी रीडिंगं इंजिन खोलल्यावर मिळत नाहीत. हेड उतरलं की कॉम्प्रेशन गेलं, धूर गेला, ब्रीदरही गेला. खोलल्यानं नवी माहिती मिळते हे खरं, पण त्याच वेळी जुनी कायमची पुसली जाते. सॅम्पल भाजलं, विरघळवलं, कापलं की तेच होतं. प्रश्नावली एकदा भरून घेतली की तो माणूस पुन्हा "न विचारलेला" राहत नाही. म्हणून पहिली पायरी म्हणजे परत न मिळणारी मोजमापं आधी घेणं.

आता खोला. मेन बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकवर बसवूनच बोअर केलेल्या असतात, त्यामुळे एकीची जागा दुसरीला चालत नाही. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या सीटशी जुळलेला असतो. खूण न करता सगळं एका घमेल्यात टाकलंत, तर प्रत्येक भाग चांगला असूनही इंजिन बिघडेल. सॅम्पलवर लेबल लावणं हे कारकुनी काम नाही, ते का, हे इथे कळतं.

मग बोअर मोजायचा. 407 च्या बऱ्याच गाड्यांत 497 इंजिन असतं. या नावातच माहिती आहे: 4 सिलिंडर, 97 मिमी बोअर. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजा. सहा रीडिंगं, चार सिलिंडरची मिळून 24. एकच रीडिंग का नको? कारण बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन अगदी वर पोचतो तिथे क्षणभर थांबतो. वेग नाही म्हणून ऑइलचा थर टिकत नाही, आणि दाब-उष्णता तिथेच सर्वाधिक. वेग, दाब, ऑइलचा घट्टपणा आणि घर्षण यांचं हे नातं रिचर्ड स्ट्रिबेक यांनी 1902 मध्ये मांडलं. म्हणजे कुठे मोजायचं हे थिअरी सांगते. थिअरीचा चॅप्टर जागा भरायला नसतो.

कशानं मोजता, तेही बघा. झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते, 0.02 मिमी अचूकतेचा व्हर्नियर तिथे पुरत नाही, बोअर गेज लागतो. शिवाय बिडाचा 97 मिमीचा बोअर तापमान 20 अंशांनी वाढलं तर साधारण 0.02 मिमीनं फुगतो. सकाळी एक सिलिंडर मोजला आणि दुपारी उन्हात तापलेल्या ब्लॉकचा दुसरा, तर तुम्ही झीज मोजताय की ऊन?

समजा झीज सापडली. बोअर मारला, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा टाकल्या. झालं? नाही. झीज हा परिणाम आहे, कारण काय? ऊस वाहणारी गाडी शेतातल्या धुळीत फिरते. एअर फिल्टरनंतरचा रबरी होज तडकला असेल, तर न गाळलेली हवा थेट आत जाते आणि तिच्यातली वाळूची कणी रिंगांना घासते. होज तसाच ठेवलात, तर नवं कामही त्याच वाटेनं जाणार. हंगामाची कमाई इंजिनात घालून पुढच्या हंगामात पुन्हा तिथेच. थीसिसमध्ये आपण "काय झालं" इथे थांबतो. परीक्षक विचारतो, "का झालं?"

शेवटची गोष्ट. एकाच वेळी रिंगा, नोझल आणि पंप बदलले आणि गाडी सुधारली, तर मालक खूश. त्याला गाडी चालायला हवी, आणि ते बरोबरच आहे. पण कशामुळे सुधारली, हे त्याला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र तेच सांगायचं असतं. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि नंतर तोच रस्ता, तोच लोड, तीच रीडिंगं. "आधी"चं रीडिंग नसेल तर "नंतर"च्या आकड्याला अर्थ नाही.

आता एक काम करा. तुमच्या विषयासाठी एका कागदावर तीन ओळी लिहा: माझं निरीक्षण काय, त्याची किमान दोन वेगळी कारणं कोणती असू शकतात, आणि काम सुरू केल्यावर कोणती माहिती परत मिळणार नाही. तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर पाना अजून हातात घेऊ नका. गाईडकडे जाताना हाच कागद घेऊन जा. मेथडॉलॉजीची चर्चा इथूनच सुरू होते.