अकरा मीटरांवरची कसोटी

दिनांक २६ जून १९९६ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. इंग्लंड आणि जर्मनी यांची १-१ अशी बरोबरी झाली आणि निर्णय टायब्रेकरवर गेला. दोन्ही संघांच्या पहिल्या पाचही खेळाडूंनी गोल केले. सहाव्या पेनल्टीसाठी इंग्लंडचा बचावपटू गॅरेथ साउथगेट पुढे आला. व्यावसायिक कारकिर्दीत त्यापूर्वी त्याने एकच पेनल्टी घेतली होती आणि तीही खांबावर आदळली होती. या वेळचा त्याचा फटका जर्मन गोलरक्षक आंद्रेआस केप्के याने अडवला, पुढचा गोल जर्मनीने केला आणि यजमान संघ स्पर्धेबाहेर गेला.

त्यानंतर बावीस वर्षांनी, ३ जुलै २०१८ रोजी, मॉस्को येथे विश्वचषक स्पर्धेत इंग्लंडने कोलंबियाला टायब्रेकरमध्ये ४-३ असे हरवले. विश्वचषकात टायब्रेकर जिंकण्याची इंग्लंडची ती पहिलीच वेळ होती आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते तेच गॅरेथ साउथगेट. या दोन तारखांच्या दरम्यान काय बदलले, हा प्रश्न केवळ फुटबॉलच्या शौकिनांपुरता मर्यादित नाही. धैर्य ही उपजत देणगी आहे की ती शिकता-शिकवता येणारी गोष्ट आहे, हा वाद फार जुना आहे. त्या वादात साक्ष म्हणून उभे करता येईल असे पुरावे फुटबॉलच्या मैदानाने गेल्या काही दशकांत जमा केले आहेत.

सोपा फटका, अवघड क्षण

शरीराच्या दृष्टीने पाहता पेनल्टी ही फुटबॉलमधील सर्वांत सोपी कामगिरी म्हणावी लागेल. चेंडू स्थिर असतो, अंतर अकरा मीटर असते, समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असा गोल असतो आणि मध्ये गोलरक्षकाखेरीज कोणीही नसते. जोरकस फटक्याचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर गोलरेषेवर पोहोचतो. कोपऱ्यात नीट मारलेला फटका अडवणे गोलरक्षकाला जवळजवळ अशक्यच. असे असूनही जगातील नामवंत खेळाडू या फटक्यात चुकतात. १९९० ते २०१२ या काळात विश्वचषक आणि युरोपीय स्पर्धा मिळून इंग्लंडने सात टायब्रेकर खेळले आणि त्यांतील सहा गमावले. चुकणाऱ्यांत पीअर्स, बेकहॅम, लॅम्पार्ड, जेरार्ड अशी नावे होती. त्यांच्या पायांतील कौशल्याविषयी कोणी शंका घेणार नाही.

पराभवानंतर इंग्लंडमध्ये ठरलेले उत्तर ऐकू येई: टायब्रेकर ही निव्वळ सोडत आहे, तिचा सराव करता येत नाही. १९९८ साली अर्जेंटिनाविरुद्ध निर्णायक फटका चुकलेल्या डेव्हिड बॅटीने तोवरच्या कारकिर्दीत एकही पेनल्टी घेतलेली नव्हती. सोडतीला तयारी कशाची करावयाची, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु ज्या गोष्टीला आपण नशीब म्हणतो तिच्यात काही नियमितता आढळते काय, हे तपासण्याची तसदी कोणीतरी घ्यावी लागते.

ती तसदी नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर यूर्देत यांनी घेतली. मोठ्या स्पर्धांतील टायब्रेकरांची चित्रमुद्रणे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी फटक्यागणिक तपासली. त्यांचा एक निष्कर्ष विलक्षण बोलका आहे. ‘हा गोल झाला तर आपण जिंकलो’ अशा स्थितीत फटका मारणारे खेळाडू नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होतात. ‘हा चुकला तर आपण हरलो’ अशा स्थितीत तेच प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास घसरते. चेंडू तोच, अंतर तेच, गोल तेवढाच. बदलते ते केवळ मनापुढील चित्र. मिळवण्याच्या आशेपेक्षा गमावण्याचे भय माणसाच्या वर्तनावर अधिक सत्ता गाजवते, हे अर्थशास्त्राने बाजारातील व्यवहारांवरून ओळखले होते. मैदानावर ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

भय नेमके करते काय?

भयामुळे माणूस घाबरतो एवढे सांगून भागत नाही. ते कोणत्या मार्गाने काम करते हे कळले तरच त्यावर उपाय सापडतो. यूर्देत यांच्या निरीक्षणात असे दिसले की दडपणाखालील खेळाडू पंचाची शिट्टी होताच घाईने धाव घेतो. तो प्रसंग लवकर संपावा एवढीच त्याची इच्छा असते. इंग्लंडचे खेळाडू या घाईत आघाडीवर होते. जे क्षणभर थांबतात, श्वास घेतात आणि आपल्या मनाने धाव सुरू करतात, त्यांचे यश अधिक असते.

दुसरा मार्ग नजरेचा. इंग्लंडमधील एक्झेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल नोंदवली. चिंता वाढवली की खेळाडू गोलरक्षकाकडे लवकर आणि अधिक वेळ पाहू लागतो असे आढळले, आणि पाय नजरेच्या मागोमाग जातात. परिणामी चेंडू गोलरक्षकाच्या हाताशी जाऊन पडतो. ज्याचे भय वाटते त्याच्याकडेच माणूस पाहत राहतो आणि अखेरीस तेथेच जाऊन आदळतो. तिसरा मार्ग म्हणजे अतिदक्षता. वर्षानुवर्षांच्या सरावाने जी क्रिया आपोआप होते, तिच्यावर ऐन वेळी जाणिवेचा पहारा बसवला की ती क्रिया अडखळते. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करणाऱ्याचा तोल जावा, तसेच हे आहे.

गोलरक्षकही या नियमांतून सुटलेला नाही. इस्रायलमधील काही संशोधकांनी २००७ साली २८६ पेनल्टींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे २९ टक्के फटके मध्यभागी आले होते, परंतु गोलरक्षक जागेवर उभे राहिले ते अवघ्या ६ टक्के वेळा. बाकी सर्व वेळी त्यांनी डावीकडे वा उजवीकडे झेप घेतली. जागेवर उभे राहून गोल झाला तर ‘हा काही हललाच नाही’ असे लोक म्हणतील. झेप घेऊन गोल झाला तर ‘बिचाऱ्याने प्रयत्न केला’ असे म्हणतील. म्हणजे गोलरक्षक केवळ चेंडू अडवत नसतो, तो दोषारोपही अडवत असतो. चेकोस्लोव्हाकियाच्या अँतोनिन पानेंका याने ही दुर्बलता फार आधी ओळखली होती. १९७६ साली बेलग्रेड येथे युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील निर्णायक फटका त्याने हलकेच उचलून गोलच्या मध्यभागी सोडला. पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक तोवर एका बाजूला झेपावला होता.

तयारीचा अर्थ

जर्मन फुटबॉल संघाने २००४ साली मानसशास्त्रज्ञाची नियमित मदत घेण्यास प्रारंभ केला. दोन वर्षांनी बर्लिन येथे अर्जेंटिनाविरुद्ध टायब्रेकर झाला, तेव्हा गोलरक्षक येन्स लेमान याच्या मोज्यात एक चिठ्ठी होती. कोणता प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूला मारतो, याची टिपणे तीत होती. ती देणारे प्रशिक्षक होते, १९९६ साली साउथगेटचा फटका अडवणारे केप्के. शेवटच्या फटक्याला कांबियासो आला. त्याचे नाव चिठ्ठीत नव्हतेच. तरीही लेमानने चिठ्ठी काढून शांतपणे वाचली, पुन्हा मोज्यात ठेवली आणि तो फटका अडवला. चिठ्ठीतील माहितीचे मोल होतेच. परंतु समोरच्याला आपले मन उघडे पडल्यासारखे वाटावे, हा परिणाम त्या कोऱ्या जागेनेही साधला असावा.

इंग्लंडला हे उमगण्यास वेळ लागला. २०१७ च्या अखेरीस तेथील फुटबॉल संघटनेने पिपा ग्रेंज या मानसशास्त्रज्ञ महिलेची नेमणूक केली. अपयशाविषयी खेळाडूंनी परस्परांशी मोकळेपणाने बोलावे, यावर त्यांचा भर होता. विश्वचषकाच्या काही महिने आधीपासून पेनल्टीचा पद्धतशीर सराव सुरू झाला. दमलेल्या अवस्थेत फटका मारणे, शिट्टीनंतर घाई न करणे, कोण कोणत्या क्रमाने जाणार हे आधी ठरवणे, असे त्याचे स्वरूप होते. यांत गूढ असे काहीच नाही. नशिबाच्या खात्यावर टाकलेल्या बाबींपैकी जेवढ्या आपल्या हाताशी येतील तेवढ्या परत मिळवणे, एवढेच ते काम होते.

शास्त्राच्या मर्यादा

अर्थात या शास्त्राचा जयजयकार करण्यापूर्वी त्याच्या चुकाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. १९५८ च्या विश्वचषकाच्या वेळी ब्राझील संघाबरोबर जोआव कार्व्हाल्याइस हे मानसशास्त्रज्ञ होते. खेळाडूंकडून चित्रे काढून घेऊन व प्रश्न विचारून त्यांनी निष्कर्ष काढला की सतरा वर्षांचा पेले अजून बालबुद्धीचा आहे व त्याला खेळवू नये. गारिंचाविषयीही त्यांचे मत प्रतिकूल होते. प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी तो सल्ला मानला नाही. दोघेही खेळले आणि अंतिम सामन्यात स्वीडनला ५-२ असे हरवून ब्राझील प्रथमच विश्वविजेता झाला. माणसावर शिक्का मारण्यासाठी मानसशास्त्र वापरले की त्याची अशी फजिती होते.

आकड्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. टायब्रेकरमध्ये पहिला फटका मारणारा संघ साठ टक्के वेळा जिंकतो, असा निष्कर्ष दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडला आणि तो जगभर गाजला. पुढे ५४० टायब्रेकरांची माहिती तपासली गेली, तेव्हा त्या फायद्याला ठोस आधार मिळाला नाही. शिवाय उत्तम तयारीही विजयाची हमी देत नाही. ११ जुलै २०२१ रोजी साउथगेट यांचाच संघ वेम्बलीवर युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीकडून टायब्रेकरमध्ये हरला. चुकलेल्या तिघांपैकी रॅशफर्ड आणि सँचो यांना केवळ पेनल्टीसाठी म्हणून सामन्याच्या अखेरच्या क्षणी मैदानात उतरवले होते. शेवटचा फटका एकोणीस वर्षांच्या बुकायो साका याच्यावर सोपवला होता. तिघेही कृष्णवर्णीय. त्या रात्री त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा जो भडिमार झाला, त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. खेळाडूच्या मनातील भय केवळ त्याच्या मनात जन्मत नाही, ते भोवतालचा समाज तेथे पेरत असतो.

भार कोणी वाहावा?

क्रीडामानसशास्त्राचा खरा धडा येथे आहे. एकट्या माणसाचे मन पोलादी करणे हे त्याचे सर्वांत मोठे कार्य नव्हे. एकट्यावर येणारा भार वाटून घेण्याची व्यवस्था उभी करणे, हे अधिक मोलाचे. ६ जुलै २०२४ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे इंग्लंडने स्वित्झर्लंडला टायब्रेकरमध्ये ५-३ असे हरवले. पाचही इंग्लिश खेळाडूंनी गोल केले आणि त्यांत साकाही होता. त्या दिवशी प्रत्येक फटका मारणाऱ्यासाठी एक सोबती नेमलेला होता. फटका साधो वा चुको, परत येताना त्याला पुढे जाऊन भेटणे हे त्या सोबत्याचे काम. गोल झाल्यावर मिठी मारणारे पुष्कळ असतात. चुकल्यावरही कोणीतरी आपल्याकडे चालत येणार आहे, हे आधीच ठाऊक असलेला माणूस अधिक निर्भयपणे पाऊल टाकतो.

भारतालाही याचा अनुभव अगदीच नवा नाही. २०११ मध्ये क्रिकेटचा विश्वचषक जिंकणाऱ्या आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांबरोबर मनाच्या तयारीसाठी पॅडी अप्टन हे होते. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध सामन्याचा बराचसा काळ दहा खेळाडूंनिशी खेळूनही भारताने शूटआउट ४-२ असा जिंकला.

परंतु शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर हा विचार पोहोचण्यास अद्याप अवकाश आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचा सामना टायब्रेकरवर जातो, तेव्हा मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत एकट्याने चालत जाणाऱ्या पोराच्या छातीतील धडधड वेम्बलीपेक्षा कमी नसते. त्याला मानसशास्त्रज्ञ मिळणार नाही, हे उघड आहे. मात्र सराव, ठरलेला क्रम, एक खोल श्वास आणि परत येताना खांद्यावर हात या चार गोष्टींसाठी कोणतेही अनुदान लागत नाही. परीक्षेच्या सभागृहात शिरणाऱ्या विद्यार्थ्याला आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेल्या उमेदवारालाही त्यांचीच गरज असते. ‘याच्यात हिंमतच नाही’ हा शेरा मारणे फार सोपे असते. त्या हिमतीसाठी आपण काय केले, हा प्रश्न शिक्षकाने, पालकाने आणि प्रेक्षकाने प्रथम स्वतःला विचारला पाहिजे.

मॉस्कोतील विजयानंतर साउथगेट जल्लोषातून बाजूला झाले आणि पेनल्टी चुकलेल्या कोलंबियाच्या मातेउस उरिबे याला त्यांनी जवळ घेतले. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी ते स्वतः काय शिकले, याचे उत्तर त्या एका कृतीत होते.