दुप्पट लांबी, आठपट वजन

राणी मासा, ढोमा, लेप हे समुद्राच्या तळाशी राहणारे मासे. कोकणातल्या घरांत त्यांचे सालन नेहमीचेच. पण त्यांच्या लांबीत आणि वजनात दडलेला हिशेब सहसा आपल्या लक्षात येत नाही.

मासा लांबीबरोबर रुंदीने आणि जाडीनेही वाढतो. म्हणून लांबी दुप्पट झाली की वजन २ × २ × २, म्हणजे सुमारे ८ पट होते. प्रत्येक जातीत थोडा फरक पडतो. काही मासे मोठे होताना अंगाने भरतात, काही सडपातळ राहतात. अंडी घालण्यापूर्वी मादी जड असते, नंतर हलकी होते. त्यामुळे अभ्यासक प्रत्येक जातीचे अनेक मासे मोजून, तोलून प्रमाण ठरवतात. मग नुसती पट्टी लावली तरी वजनाचा अंदाज येतो.

आता बाजारातला वाटा पाहा. ४ इंचांचे ८ राणी मासे आणि ८ इंचांचा एकच, वजन जवळपास सारखे! ती ८ पिल्ले समुद्रात राहिली असती तर सगळी जगली नसती, हे खरे. पण निम्मी जगून ८ इंचांची झाली असती, तरी ४ पट मासळी मिळाली असती; शिवाय अंडीही पडली असती.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ती यासाठीच. जाळे मच्छीमाराच्या हाती आहे, पण पिशवी आपल्या हाती. भगिनींनो, पिल्लांचा वाटा स्वस्त दिसला तरी घेऊ नका.