मन सावरले, साखर जागच्या जागी

४१७. मधुमेहाच्या जोडीला नैराश्यही असलेल्या, साठी ओलांडलेल्या इतक्या अमेरिकी रुग्णांचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘इम्पॅक्ट’ या १,८०१ वृद्धांवरच्या प्रयोगातला हा एक गट. त्यातल्या काहींवर नेहमीचेच उपचार चालू राहिले. बाकीच्यांना वर्षभर एका परिचारिकेची किंवा मानसशास्त्रज्ञाची सोबत मिळाली: नैराश्यावरच्या गोळ्या, नाहीतर रोजच्या अडचणी एकेक करून सोडवायला शिकवणाऱ्या सहा ते आठ बैठका. सोबत मिळालेल्यांचे नैराश्य स्पष्टपणे उतरले. व्यायामाचे दिवसही आठवड्याला सरासरी अर्ध्या दिवसाने वाढले. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, मात्र हलली नाही.

एवढ्यावरून ‘बोलून कुठे शुगर उतरते?’ असे विचारणाऱ्यांनी सुरुवातीचा आकडा पाहावा. या मंडळींची सरासरी एचबीए१सी मुळातच ७.२८ टक्के होती. धडधाकट ज्येष्ठांनी ती ७ ते ७.५च्या आत ठेवावी, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशन सांगते. इतर आजार बरेच असतील तर ८पर्यंतही चालते. या वयात शुगर एकदम खाली जाऊन चक्कर येणे आणि पडून खुब्याचे हाड मोडणे जास्त महागात पडते. थोडक्यात, उतरायला फारशी जागाच नव्हती.

जिथे जागा होती, तिथले चित्र वेगळे दिसते. लस्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५१ रुग्णांवर दहा आठवड्यांची सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्याची उपचारपद्धती) करून पाहिली. उपचार संपले तेव्हा ८५ टक्के जण नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त मधुमेहाची माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण २७ टक्के होते. सहा महिन्यांनी एचबीए१सी ९.५ विरुद्ध १०.९ निघाली. प्रयोग छोटा आहे, आणि तो खास वृद्धांवरचा नाही. त्यावर इमले बांधू नयेत.

मला स्वतःला जास्त वजनदार वाटतो तो ११५ हा आकडा. ‘इम्पॅक्ट’मधल्या मधुमेही वृद्धांना दोन वर्षांत नैराश्यमुक्त असे सरासरी ११५ दिवस जास्त मिळाले. बाह्यरुग्ण खर्चातला फरक? २५ डॉलर. जवळजवळ चार महिने धड झोप लागणे, जेवावेसे वाटणे, नातवंडांशी बोलावेसे वाटणे, हा लाभ लॅबच्या रिपोर्टात छापून येत नाही म्हणून शून्य धरायचा का?

अशा बैठका घ्यायला मानसोपचारतज्ज्ञच हवा असेही नाही, हे गोव्याने दाखवले. तिथल्या प्राथमिक उपचार केंद्रांत साठीपुढच्या १८१ जणांना निवडले. सगळे उदास, पण अजून नैराश्याचे रुग्ण न झालेले. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी निम्म्यांना अडचणी सोडवण्याची तीच पद्धत शिकवली, झोपेची घडी बसवून दिली, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगितले आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवायलाही मदत केली. वर्षभरात त्या ९१ पैकी ४ जणांना नैराश्याने गाठले, उरलेल्या ९० पैकी १३ जणांना. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे लहान आहेत, पण हिशेब सोपा आहे: साधारण दहा जणांसोबत बसले की एकाचा आजार टळतो. योजनांच्या कामात हातभार लावणे हा ‘मानसोपचार’ कसा, असे ज्याला वाटते त्याने पेन्शनसाठी कधी हेलपाटे घातले नसावेत.

भारतात गरज किती? आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार मधुमेही १० कोटींवर आहेत. मधुमेहात नैराश्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असे २००१ मध्ये ४२ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले होते. २०१७-१८ च्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणारे एक टक्काही नव्हते. थकवा, झोपमोड, भूक मंदावणे हे सगळे ‘शुगरमुळे’ या एका खात्यात जमा होते, आणि शुगरचा कागद बरा आला की विषय संपतो.

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात आता उदासीबद्दलचे दोन प्रश्न आहेत. विचारायची सोय झाली. उत्तर ‘हो’ आल्यावर सहा-आठ वेळा शेजारी बसणारा माणूस बहुतेक आरोग्य केंद्रांत अजून नेमायचा आहे.