हुजूर पक्ष

ग्रेट ब्रिटनमधील एक प्रमुख राजकीय पक्ष. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी’ हे त्याचे मूळ नाव. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आलेल्या टोरी गटापासून त्याची परंपरा सुरू होते. म्हणून त्याच्या अनुयायांस आजही टोरी म्हणतात. मजूर पक्षाच्या जोडीने मराठीत रूढ झालेल्या ‘हुजूर पक्ष’ या नावातच त्याच्याविषयीचा सामान्य मतदाराचा मूळ संशय व्यक्त होतो. हा धन्यांचा पक्ष असून तो आपले हित पाहणार नाही, असे कष्टकरी वर्गास वाटत असे. राजसत्ता, अँग्लिकन चर्च आणि जमीनदारी यांचे रक्षण हे मूळ उद्दिष्ट असलेल्या या पक्षास मताधिकाराच्या प्रत्येक विस्तारानंतर अशा साशंक मतदारांकडे वळावे लागले. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या प्रयत्नांचा विचार केला आहे.

पील व डिझरेली : १८३२ च्या सुधारणा अधिनियमास टोरींनी कडवा विरोध केला होता. तथापि सर रॉबर्ट पील (१७८८–१८५०) याने १८३४ मध्ये टॅमवर्थ येथील मतदारांस उद्देशून काढलेल्या जाहीरनाम्यात हा अधिनियम अंतिम व अपरिवर्तनीय म्हणून स्वीकारला आणि सिद्ध झालेल्या गाऱ्हाण्यांचे निवारण करण्याची तयारी दर्शविली. जी सुधारणा रोखता आली नाही, ती मान्य करून पुढे जाण्याचे हे धोरण मध्यम वर्गास आश्वासक वाटले व १८४१ मध्ये पक्षास बहुमत मिळाले. पुढे धान्य कायदे रद्द करण्याच्या प्रश्नावर (१८४६) पक्ष दुभंगला आणि १८७४ पर्यंत त्यास पुन्हा स्पष्ट बहुमत लाभले नाही. नवे मतदार जोडताना जुन्या पाठीराख्यांस गमावण्याचा धोका या फुटीने प्रथम ठळकपणे दाखविला.

बेंजामिन डिझरेली (१८०४–८१) याच्या पुढाकाराने संमत झालेल्या १८६७ च्या अधिनियमाने शहरांतील बहुसंख्य कामगार कुटुंबप्रमुखांना मताधिकार मिळाला. इंग्लंड व वेल्समधील मतदारांची संख्या सुमारे दुप्पट झाली. परंतु केवळ मताधिकार दिल्याने मते मिळत नाहीत, हे १८६८ च्या पराभवाने स्पष्ट झाले. त्यानंतर संघटनेकडे लक्ष देण्यात आले. मतदारसंघांतील मंडळांचा राष्ट्रीय संघ १८६७ मध्ये स्थापन झालाच होता; १८७० मध्ये मध्यवर्ती कार्यालय निघाले व जॉन गोर्स्ट याने शहरी मतदारसंघांत पक्षाची बांधणी केली. १८७२ मध्ये मँचेस्टर व क्रिस्टल पॅलेस येथील भाषणांत डिझरेलीने परंपरागत संस्था व साम्राज्य यांच्या रक्षणाबरोबरच लोकांच्या राहणीमानात सुधारणा हे पक्षाचे ध्येय म्हणून मांडले. १८७४ च्या विजयानंतर सार्वजनिक आरोग्य, कामगारांची घरे आणि अन्नातील भेसळ यांविषयी कायदे झाले. १८७५ च्या कायद्याने संपकऱ्यांच्या शांततापूर्ण निरोधनास संरक्षण मिळाले. यांतील गृहनिर्माणविषयक कायदा नगरपालिकांवर बंधनकारक नव्हता, त्यामुळे त्याचा लाभ मर्यादित राहिला. १८८० मध्ये पक्ष पुन्हा पराभूत झाला.

प्रिमरोझ लीग (स्थापना १८८३) या संस्थेने राजकारणास सामाजिक मेळाव्यांची जोड दिली. जलसे, सहली व चहापान यांच्याद्वारे तिने सर्व थरांतील लोकांस एकत्र आणले. स्त्रियांना मताधिकार नसतानाही प्रचारात त्यांना स्थान दिले. १८९१ पर्यंत तिची सभासदसंख्या दहा लाखांवर गेली. मुंबईत जन्मलेले सर मंचरजी भावनगरी (१८५१–१९३३) हे १८९५ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन (ईशान्य) या कामगारवस्तीच्या मतदारसंघातून कामगारनेते जॉर्ज हॉवेल यांचा पराभव करून हुजूर पक्षातर्फे निवडून आले व १९०६ पर्यंत पार्लमेंटचे सदस्य होते. १९०६ मध्ये मात्र आयात जकातीच्या धोरणामुळे अन्न महागेल, या भीतीने कामगार मतदार दुरावला आणि पक्ष व त्याचे सहकारी मिळून १६० पेक्षाही कमी जागा मिळाल्या.

महायुद्धोत्तर काळ : १९४५ मध्ये युद्धातील विजयाचे श्रेय विन्स्टन चर्चिल यांच्याकडे असूनही मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या. १९३० नंतरच्या दशकातील बेकारीची आठवण मतदार विसरला नव्हता. या पराभवानंतर लॉर्ड वुल्टन यांनी पक्षसंघटना नव्याने उभी केली. उमेदवाराने पक्षनिधीस द्यावयाच्या रकमेवर मर्यादा घातल्याने केवळ धनिकांस उमेदवारी मिळण्याची प्रथा शिथिल झाली. रिचर्ड बटलर यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या औद्योगिक सनदेने (१९४७) कोळसा खाणी व रेल्वे यांचे राष्ट्रीयीकरण आणि पूर्ण रोजगाराचे तत्त्व मान्य केले. वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे आश्वासन १९५३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन यांच्या मंत्रालयाने पूर्ण केले. १९५४ मध्ये अन्नधान्याचे नियंत्रित वाटप संपले. १९५१ ते १९६४ अशी सलग तेरा वर्षे पक्ष सत्तेवर राहिला.

या काळात कामगार मतदारांपैकी सुमारे एक-तृतीयांश या पक्षास मत देत. रॉबर्ट मॅकेंझी व ॲलन सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा मतदारांचे दोन प्रकार सांगितले आहेत : उच्चकुलीनांच्या नेतृत्वावर श्रद्धा असणारे आणि स्वतःच्या लाभाचा हिशेब करणारे. पहिला वर्ग ओसरत गेला. दुसऱ्याची निष्ठा मात्र प्रत्येक निवडणुकीत नव्याने मिळवावी लागते.

मार्गारेट थॅचर (कार. १९७९–९०) यांनी दुसऱ्या वर्गावर भर दिला. १९८० च्या गृहनिर्माण अधिनियमाने नगरपालिकांच्या भाडेकरूंना राहते घर किमान ३३ टक्के सवलतीने विकत घेण्याचा हक्क मिळाला व दशकभरात दहा लाखांहून अधिक घरे विकली गेली. मालकी आलेला मतदार पक्षाकडे वळेल, ही त्यामागील अपेक्षा बऱ्याच अंशी खरी ठरली. परंतु भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक घरांचा साठा घटला. श्रीमंत व गरीब यांवर सारख्याच दराने बसणाऱ्या व्यक्तिकरामुळे जुना संशय पुन्हा बळावला आणि १९९० मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९९७ मध्ये स्कॉटलंड व वेल्समध्ये पक्षास एकही जागा मिळाली नाही.

अलीकडील काळ : डेव्हिड कॅमेरन यांनी २००५ पासून पर्यावरण, स्त्री व अल्पसंख्याक उमेदवार आणि सार्वजनिक आरोग्यसेवा यांवर भर देऊन पक्षाची प्रतिमा बदलली व २०१० मध्ये संयुक्त मंत्रिमंडळ बनविले. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांनी यूरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर ३६५ जागा जिंकल्या. बोल्सोव्हर व सेजफील्ड यांसारखे मजूर पक्षाचे जुने बालेकिल्लेही त्यांत होते. ही मते उसनी असू शकतील, हे जॉन्सन यांनी विजयानंतर मान्य केले होते. उत्तरेकडील औद्योगिक नगरांस दिलेली विकासाची आश्वासने मोठ्या प्रमाणात अपुरी राहिली. २०२४ मध्ये पक्षास केवळ १२१ जागा व सुमारे २४ टक्के मते मिळाली. पक्षाच्या इतिहासातील ही सर्वांत कमी जागासंख्या होय. नवे मतदार मजूर व रिफॉर्म यूके या पक्षांकडे गेले, तर दक्षिण इंग्लंडमधील अनेक जुने मतदारसंघ लिबरल डेमोक्रॅट पक्षाने जिंकले. साशंक मतदार एखाद्या प्रश्नापुरता जवळ येऊ शकतो. तो टिकून राहिला, तो मात्र ज्या काळात पक्षाने त्याच्या घर, रोजगार व अन्न यांविषयीचा शब्द पाळला, त्या काळातच.