सर्व्हर बंद पडला, तर आधी काय पाहावे?

श्रोतेहो, गावातली पतसंस्था असो, दूध-डेअरी असो की हायस्कूल असो, तेथे बहुधा एक संगणक असा असतो, की ज्याच्या जिवावर बाकीच्या संगणकांचे काम चालते. त्याला सर्व्हर म्हणतात. गावच्या टाकीतून जसे घरोघरच्या नळांना पाणी जाते, तशी ह्या एका यंत्रातून इतरांना माहिती जाते. टाकी कोरडी पडली की सगळे नळ कोरडे! ठेवीदारांचे हिशेब, मुलांचे दाखले सारे त्यातच. म्हणून तो बंद पडला की धांदल उडते, आणि त्या धांदलीत माणूस जे करतो, त्याने पुष्कळदा मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान होते.

सर्व्हरचे बरेचसे बिघाड दोन ठिकाणी सापडतात: एक वीजपुरवठा आणि दुसरी हार्ड डिस्क. पैकी वीज आधी पाहावी. का, ते पुढे कळेल.

समजा, बटण दाबले आणि काहीच झाले नाही. ज्या सॉकेटमध्ये वायर आहे, त्यात साधा दिवा लावून पाहा. दिवा लागला, तर वायर बदलून पाहा. मध्ये यूपीएस असेल, तर त्याची बॅटरी किती जुनी आहे ते विचारा. ह्या बॅटऱ्या साधारणपणे तीन ते पाच वर्षे टिकतात. पुढे यूपीएसचा दिवा जळतो, पण वीज जाताच तो मान टाकतो. काही सर्व्हरना वीजपुरवठ्याचे दोन संच असतात, म्हणजे एक गेला तरी दुसरा काम चालवतो. पण दोन्ही वायरी एकाच बोर्डात खोवल्या, तर त्याचा अर्धा उपयोग वायाच गेला.

आता समजा, पुढचा छोटा दिवा लागतो, पण यंत्र सुरू होत नाही. अशा वेळी ‘दिवा आहे, म्हणजे वीज ठीक आहे’ असे समजू नका. संगणक बंद असतानाही त्याच्या आत थोडीशी वीज वेगळ्या वाटेने चालू असते. दिवा तिच्यावर जळतो. खरे काम करते ती १२ व्होल्टची वाट. यंत्र चालू असताना ती ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत राहिली पाहिजे. हे मोजण्याचे काम मात्र जाणकाराकडून करवून घ्यावे. विजेची ती पेटी, म्हणजे एसएमपीएस, स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात काही वेळ जीवघेणा विद्युतभार शिल्लक असू शकतो.

आता हार्ड डिस्ककडे वळू. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरे. आज तळहातावर मावणारी डिस्क त्याच्या लाखो पट माहिती साठवते. तिच्यातली चकती मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि माहिती वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या कितीतरी हिश्शाने कमी अंतरावर तरंगत असते. म्हणून तिला धक्का सोसत नाही आणि वीजही डळमळीत चालत नाही.

आपल्या विहिरीवरचा पंप आठवा. चालू पंपापेक्षा पंप सुरू करताना अधिक जोर लागतो, आणि व्होल्टेज कमी असेल तर मोटार नुसती घुमते. डिस्कचेही तसेच आहे. सुरू होताना ती नेहमीपेक्षा कित्येक पट वीज ओढते. एसएमपीएस थकलेला असेल, तर नेमकी त्या क्षणी डिस्क ‘सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर येतो. दोष विजेचा, आणि नाव डिस्कचे!

सर्व्हरमध्ये पुष्कळदा तीन-चार डिस्का मिळून काम करतात. ह्या रचनेला रेड म्हणतात. ती १९८८ साली बर्कली विद्यापीठातील संशोधकांनी मांडली. तिच्या एका नेहमीच्या प्रकारात एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते, पण दोन गेल्या की सारेच जाते. आता पडद्यावर दोन डिस्का एकाच क्षणी गेल्याचे दिसले, तर काय समजावे? दोन चांगले बैल एकाच घटकेला खाली बसले, तर आपण आधी जू तपासतो. येथेही दोघींना जोडणारी वस्तू पाहावी: एसएमपीएस, वायर किंवा डिस्का सांभाळणारे कार्ड. अशा वेळी कोणी घाईने ‘नव्याने मांडणी करा’ ही आज्ञा दिली, तर धडधाकट डिस्कांवरची वर्षांची माहिती हातची जाते. डिस्का काढण्यापूर्वी कोणती कोणत्या खणातली, ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

डिस्क खरोखरच आजारी असेल, तर टकटक आवाज येतो, फाइल उघडायला फार वेळ लागतो, किंवा तिच्या स्वतःच्या नोंदीत वाचता न येणाऱ्या जागा दिसू लागतात. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट अधिक दिसला. पण त्याच अभ्यासात असेही आढळले, की बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य चार लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. तात्पर्य, लक्षण दिसले तर आधी नक्कल काढा, दुरुस्ती मागाहून. आणि लक्षण नसले तरी बेफिकीर राहू नका. टकटक करणारी डिस्क पुनःपुन्हा चालू करून पाहणे तर टाळावेच.

रेड म्हणजे नक्कल नव्हे, हेही ध्यानात असू द्या. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकदमच पुसली जाते, आणि वीज पडली तर ती सर्वांवर पडते. नक्कल वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती उघडून वाचता येते की नाही हे पाहावे.

शिक्षकमित्रांनी एवढे जरूर करावे: सर्व्हरशेजारी एक वही टांगावी. कोणत्या तारखेला कोणता दिवा लागला, कसा आवाज आला, काय बदलले, ते वरच्या वर्गातल्या मुलांकडून लिहवून घ्यावे. दुरुस्तीला आलेल्या माणसाचा निम्मा वेळ त्या वहीने वाचेल, आणि बिघाडाचा माग पायरीपायरीने काढण्याची सवय मुलांना लागेल.