गेंड्याचे श्वास मोजायचे काम!

"गेंड्याच्या नाकाशी बसून त्याचे श्वास मोजशील का?" असं कुणी विचारलं तर काय उत्तर द्याल? दक्षिण आफ्रिकेतल्या अभयारण्यांत हे काम करायला देशोदेशीचे स्वयंसेवक जातात, तेही पदरचे पैसे भरून! हेलिकॉप्टर आणि औषधांच्या खर्चाला त्या पैशांचा हातभार लागतो.

काम सुरू होतं भल्या पहाटे, उन्हं तापण्याआधी. पशुवैद्य हेलिकॉप्टरमधून भुलीची सुई मारतात. औषधाचं नाव इटॉर्फिन. मॉर्फिनच्या हजारपट जहाल! माणसाच्या अंगात चुकून थेंबभर गेलं तरी जीव जाऊ शकतो, म्हणून स्वयंसेवकांनी त्याला हात लावायचा नाही. थोड्याच वेळात दोन टनांचं ते धूड डुलायला लागतं आणि बसकण मारतं. मग मंडळींची एकच पळापळ. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधतं, कुणी कानांत बोळे कोंबतं (चक्क पायमोज्यांचे!), कुणी अंगावर पाणी ओततं. आणि एकजण नाकपुडीपाशी हात धरून श्वास मोजत राहतो. दिसायला सोपं, पण मोठी जोखीम यातच आहे. या औषधानं गेंड्याचा श्वास मंदावतो ना! आकडा घसरला की ओरडून सांगायचं. डॉक्टर लगेच प्राणवायूची नळी लावतात.

तोवर कानाला खाचा पाडून होतात. खाच कानावर कुठे आहे त्यावरून तिची किंमत ठरते. बेरीज केली की झाला गेंड्याचा नंबर! पुढे दुर्बिणीतून लांबूनच ओळख पटते. बऱ्याच ठिकाणी करवतीनं शिंगही कापतात. दुखत नाही का? नाही, ते आपल्या नखांसारखंच केराटिनचं असतं. मूळ सोडून वरून कापलं की पुन्हा वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी हा खटाटोप परत करायचा. शेवटी कानाच्या शिरेत उताऱ्याची सुई दिली की सगळ्यांनी धूम ठोकायची. मिनिट-दोन मिनिटांत स्वारी उभी!

याच शिंगापायी २०१४ साली त्या देशात १,२१५ गेंडे मारले गेले. २०२४ साली ४२०. क्रूगर परिसरातला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शिंगं कापल्यावर तिथली चोरटी शिकार सरासरी ७८ टक्क्यांनी घटली होती. तरी उरलेल्या खुंटासाठीही गेंडा मारणारे आहेतच. मला तर भयंकर चीड येते.

आई मेली की पिल्लू तिच्या जवळच घुटमळत राहतं. अशा पिल्लांसाठी लिम्पोपो प्रांतात २०१२ साली खास अनाथालय निघालं. इतर ठिकाणीही अशी केंद्रं आहेत. तिथे स्वयंसेवकांच्या वाट्याला काय येतं? बाटल्या धुणं, दूध कालवणं आणि शेण उचलणं! दर काही तासांनी दूध, रात्रीसुद्धा. पिल्लाला कुरवाळायला मिळेल म्हणून गेलात तर हिरमुसाल बरं का. ठरावीक माणसांखेरीज कुणी जवळ जायचं नाही. माणसाचा लळा लागला, तर उद्या जंगलात बंदूकवाला समोर आला तरी ते पळणार नाही.